नोकरी बडोद्याची, रात्र कमाटी बागेतली : वर्क व्हिसा की रेसिडेन्सी?

सावंगी (मेघे) हे वर्धा शहराला लागून असलेले गाव. मेडिकल कॉलेज, आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आणि त्याच्या आजूबाजूला उभी राहिलेली नर्सिंग, डेंटल, फिजिओथेरपीची कॉलेजेस यांमुळे इथल्या चहाच्या टपरीवर आता सेलू-देवळीच्या गप्पांपेक्षा जर्मनी, दुबई आणि लंडनच्या गप्पा जास्त ऐकू येतात. त्यात आपल्या समाजाची मुले-मुली मोठ्या संख्येने आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांच्याकडून आम्हाला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. एजंट सांगतो, दोन वर्षांचा वर्क व्हिसा तयार आहे, पुढच्या महिन्यात निघा. दुसरीकडे कायम वास्तव्याचा, म्हणजे रेसिडेन्सीचा रस्ता असतो. त्याला वेळ लागतो, भाषेची परीक्षा लागते, कागद जास्त लागतात. काय निवडावे?

एजंट या प्रश्नाचे उत्तर पगाराच्या आकड्यात देतो. आम्ही ते इतिहासात शोधतो, कारण काम करण्याची परवानगी आणि राहण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्याइतके दुसऱ्या कुणाला भोगून कळलेले नाही.

१९१३ साली बाबासाहेब सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात करार होता : शिक्षण संपल्यावर बडोदे संस्थानात दहा वर्षे नोकरी. आजच्या भाषेत त्याला बाँड म्हणतात. १९१६ मध्ये ते लंडनला गेले, १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. करारानुसार ते बडोद्यात हजर झाले. नोकरी पक्की, पगार ठरलेला, खुद्द महाराजांचा पाठिंबा. कागदावर कशाचीच उणीव नव्हती.

राहायला मात्र जागा नव्हती. हिंदू हॉटेल घेणार नाही हे त्यांना ठाऊक होते. शेवटी एका पारशी सरायीत, वहीत पारशी नाव लिहून, दिवसाला दीड रुपया देऊन ते वरच्या मजल्यावरच्या अडगळीत, मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात राहिले. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याचा हुकूम देऊन गेले. बाबासाहेबांनी दोन मित्रांना विचारले. एक हिंदू होता. तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती, पण मूळचा ब्राह्मण. त्याने बायकोला विचारून सांगतो म्हटले आणि पुढे काहीच झाले नाही. मग कोलंबिया आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकलेला हा माणूस मुंबईची गाडी येईपर्यंत कमाटी बागेत बसून राहिला. दरवर्षी २३ सप्टेंबरला आपण ज्या संकल्पभूमीला वंदन करायला जातो, ती हीच जागा.

हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. ज्या छोट्या लेखनात तो आहे, त्याचे शीर्षक आहे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये ते पुस्तिका म्हणून छापले. ज्यांनी अजून वाचले नसेल त्यांनी पासपोर्टचा अर्ज भरण्याआधी वाचावे, तासाभराचे काम आहे. त्यात परदेशी वकिलातीच्या रांगा नाहीत. आपल्याच देशात गाडीवान, सराय, दवाखाना, पाण्याची टाकी यांच्या दारात उभे राहिलेल्या माणसांची हकिकत आहे. मायदेशात आपल्याला कामाची परवानगी नेहमीच होती, किंबहुना सक्ती होती. अडवले गेले ते राहण्याला.

पश्चिम महाराष्ट्रातील महार वतन आठवा. गावकीची चाकरी करायची, त्या बदल्यात वतनाचा तुकडा आणि बलुते. निरोप पोचवणे, मेलेली ढोरे ओढणे, सरकारी अंमलदाराच्या मागे धावणे. चाकरी नाकारली की जमीनही धोक्यात आणि गावातले जगणेही. राहणे कामाला बांधलेले होते आणि काम मालकाच्या मर्जीला. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते ही गाठ सोडवण्यासाठी. ती कायद्याने सुटायला १९५८ साल उजाडले. आपल्या विदर्भात आपले लोक हिंगणघाट, पुलगाव, नागपूरच्या कापूस गिरण्यांकडे गेले त्यामागेही हेच गणित होते. गिरणीत पिळवणूक होती, पण एका गिरणीतून दुसऱ्या गिरणीत जाता येत होते. पाटील बदलता येत नाही, जॉबर बदलता येतो.

आता वर्क व्हिसाकडे बघा. ज्या व्हिसावर कंपनीचे किंवा हॉस्पिटलचे नाव असते, ती नोकरी गेली की त्या देशात राहण्याचा आधारही जातो. हा वतनाचाच सांगाडा आहे. पगार चांगला, विमान आहे, वातानुकूलित खोली आहे, म्हणून तो ओळखू येत नाही एवढेच.

कुणी म्हणेल ही ओढाताण आहे. मग मॉरिशसकडे चला. १८३४ पासून पुढच्या सुमारे पाऊणशे वर्षांत हिंदुस्थानातून साडेचार लाखांच्या आसपास माणसे ऊस तोडायला त्या बेटावर नेली गेली. त्यातली काही मुंबई बंदरातून गेली. रत्नागिरी आणि आसपासच्या मुलखातले हे मराठी लोक, त्यांत कुणबी होते तसे महारही होते. पाच वर्षांचा करार असे, त्यालाच गिरमिट म्हणत. करार संपला की माणूस मोकळा, असे कागदावर होते. प्रत्यक्षात १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुराच्या गळ्यातही फोटो लावलेले तिकीट अडकवले. ते जवळ नसले तर भटक्या म्हणून अटक. परिणाम काय? तुरुंग टाळायचा तर पुन्हा एखाद्या मळेवाल्याकडे करार. करार संपूनही राहण्याचा हक्क नसेल तर माणूस फिरून मालकाच्याच दारात येतो. मजुरांच्या तक्रारी लंडनपर्यंत गेल्या आणि १८७२ मध्ये रॉयल कमिशन नेमावे लागले. पुढे ज्यांनी तिथे जमिनीचे तुकडे विकत घेतले, घरे बांधली, त्यांचीच पोरे शिकली. मॉरिशसमध्ये आज मराठी समाज दिसतो तो राहिलेल्यांचा आहे.

आपल्या चळवळीतले काही ज्येष्ठ परदेशी निघालेल्या पोरांना एक वाक्य ऐकवतात : बाबासाहेबांना अमेरिकेत सगळे मिळाले असते, तरी ते समाजासाठी परत आले. भावना खरी आहे. बाबासाहेबांचा त्याग कुणी नाकारत नाही. पण इतिहास नीट वाचला तर त्या वेळी अमेरिकेत 'राहून जाणे' हा पर्याय आपल्या माणसासाठी किती बंद होता ते दिसते, आणि हे कुणी सांगत नाही.

तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात नागरिकत्व फक्त 'मुक्त गोऱ्या' माणसाला आणि आफ्रिकी वंशाच्या माणसाला मिळू शकत होते. मग हिंदी माणूस कोणत्या रकान्यात? १९१३ साली, म्हणजे बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले त्याच वर्षी, अक्षयकुमार मोझुमदार या बंगाली गृहस्थाला वॉशिंग्टन राज्यातल्या न्यायालयाने नागरिकत्व दिले. त्यांचा युक्तिवाद काय होता? मी उच्चवर्णीय हिंदू आहे, शुद्ध आर्य रक्ताचा आहे, म्हणून गोरा आहे. दहा वर्षांनी भगतसिंग थिंड यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हाही तोच सूर. त्यांच्या बाजूने तर असे मांडले गेले की, अमेरिकी गोरा निग्रोकडे लग्नसंबंधाच्या बाबतीत जसा पाहतो, तसाच उच्चवर्णीय हिंदू इथल्या मूळ रहिवाशांकडे पाहतो. वाचकहो, हे दोनदा वाचा. परक्या देशात राहण्याचा हक्क मागताना पुरावा म्हणून जात पुढे केली गेली. आम्हीही तुमच्यासारखेच कुणालातरी खाली ठेवतो, तेव्हा आम्हाला आत घ्या! १९ फेब्रुवारी १९२३ ला न्यायालयाने हा दावा फेटाळला, सामान्य माणसाच्या समजुतीतला गोरा तो हा नव्हे म्हणून. मोझुमदारांचे नागरिकत्वही नंतर गेले.

या दोन दाव्यांच्या मध्ये बाबासाहेब कोलंबियात शिकत होते. आर्य रक्ताची आणि उच्च जातीची सनद दाखवून आत शिरण्याचा जो एकमेव फटीएवढा दरवाजा होता, तो अस्पृश्य विद्यार्थ्यासाठी नव्हताच. त्यातच १९१७ च्या फेब्रुवारीत नव्या कायद्याने हिंदुस्थानातून येणाऱ्या मजुरांना बंदी झाली. विद्यार्थ्यांना सूट होती : शिका आणि जा. हिंदी माणसाला अमेरिकी नागरिक होण्याची मुभा मिळाली ती १९४६ च्या कायद्याने, आणि देशासाठी वार्षिक कोटा होता १०० जणांचा. म्हणून बाबासाहेबांचे परतणे हा आजच्या पोरांवर उगारायचा दंडुका नव्हे. ते परतले तेव्हा त्यांच्यापुढे बडोद्याचा बाँड होता, संपलेली शिष्यवृत्ती होती. पुढे १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले ते मात्र स्वतःच्या हिमतीवर : सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत, नवल भथेनांकडून घेतलेले कर्ज. या वेळी कुणाची चाकरी मानगुटीवर नव्हती. १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन ते आले आणि मुंबईत स्वतःची वकिली मांडली. बाँडवरचे परतणे कमाटी बागेत संपले आणि स्वतंत्रपणे परतणे महाडपर्यंत गेले, हा फरक आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो.

ब्रिटनचा पुढचा इतिहास तर थेट आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. १९४८ च्या कायद्यामुळे राष्ट्रकुलातल्या माणसाला ब्रिटनमध्ये येऊन काम करता येत होते आणि राहताही येत होते. १९६२ मध्ये व्हाउचर आले, संख्या आवळली. तरी व्हाउचरवर आलेला माणूस स्थायिक होऊ शकत होता, बायकामुले आणू शकत होता. याच काळात पंजाबच्या दोआबातले आपले आंबेडकरी आणि रविदासी बांधव वुल्व्हरहॅम्प्टन, बर्मिंगहॅम, बेडफर्ड, साऊथॉल इथे गेले. ओतकामाच्या भट्ट्यांत राबले. पण राहण्याचा हक्क पक्का असल्यामुळे फोरमनशी भांडू शकले, युनियनमध्ये जाऊ शकले, विहारे आणि सभा उभारू शकले. १९७३ च्या १ जानेवारीपासून १९७१ चा इमिग्रेशन कायदा लागू झाला आणि व्हाउचर जाऊन वर्क परमिट आले : ठरावीक मालक, सुरुवातीला वर्षभराची मुदत, आणि चार वर्षे टिकलात तर पुढची अट सुटण्याची शक्यता. राहण्याचा हक्क काढून कामाची परवानगी हातात दिली गेली, ती अशी.

पहिल्या प्रकारे गेलेल्यांनी काय केले ते पाहा. २०१० च्या ब्रिटिश समता कायद्यात जातीचा उल्लेख यावा म्हणून आंबेडकरी, रविदासी, वाल्मीकी संघटनांनी झुंज दिली. २०१३ मध्ये संसदेने सरकारवर ती तरतूद करण्याचे बंधन घातले. २०१८ मध्ये सरकारने माघार घेतली, तो भाग वेगळा. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले ते लंडनमधले १०, किंग हेन्रीज रोड हे घर विक्रीला निघाले तेव्हा पाठपुरावा करणारेही तिथलेच आंबेडकरी होते. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये घेतले. मग स्मारकाला स्थानिक नगरपालिकेने परवानगी नाकारली आणि २०२० पर्यंत लढावे लागले. वर्षावर्षाचा व्हिसा वाढवत बसलेला माणूस अशा लढाया करू शकत नाही. त्याचे लक्ष कॅलेंडरवर असते.

दुसऱ्या प्रकारचे टोक म्हणजे तिर्की खटला. बिहारमधून एका आदिवासी बाईला घरकामासाठी ब्रिटनमध्ये नेले गेले. साडेचार वर्षे, आठवड्याचे सातही दिवस, दिवसाला अठरा तास काम. तासाला ११ पेन्स पडतील एवढी मजुरी. पासपोर्ट मालकाच्या ताब्यात. २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने तिला थकीत किमान वेतनापोटी १,८३,७७३ पौंड देण्याचा आदेश दिला. त्याआधी २०१४ मध्ये अपील न्यायाधिकरणाने म्हटले होते की जातीवरून केलेला भेदभाव 'वांशिक मूळ' या शब्दांत बसू शकतो. हा निकाल आपल्यासाठी मोलाचा आहे. पण त्यातली एक बारीक गोष्ट विसरू नका. त्या काळी घरकामगाराला ब्रिटनमध्ये मालक बदलण्याची मुभा होती, ती काढली गेली २०१२ मध्ये. हक्क कायद्यात होता आणि पासपोर्ट मालकाच्या कपाटात होता.

जात समुद्र ओलांडून जाते हे आता नव्याने सांगायला नको. २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्क खात्याने सिस्को कंपनीवर दलित इंजिनिअरच्या छळाबद्दल खटला भरला, २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदावर बंदी घातली. (त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी तसेच विधेयक रोखले हेही लक्षात ठेवा.) सिस्कोच्या खटल्यात आरोप ज्या दोन व्यवस्थापकांवर होते ते सवर्ण भारतीय होते. त्यांच्यावरची तक्रार पुढे मागे घेतली गेली, कंपनीवरची चालू राहिली. आता स्वतःला त्या टेबलासमोर बसवून बघा. तुमचा साहेब आडनाव विचारतो, आहार विचारतो, पाठीवर हात फिरवून जानवे चाचपतो. तुम्ही एच-१बी वर आहात. नोकरी गेली तर साठ दिवसांत नवी शोधायची, नाहीतर सामान बांधायचे. ग्रीन कार्डाच्या रांगेत एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, म्हणून भारतीयांची रांग दशकांची. तक्रार कराल? वर्क व्हिसावरचा माणूस जातीविरुद्ध बोलू शकत नाही असे आम्ही म्हणत नाही, काही जण बोलले आहेत. पण त्याची किंमत कायम वास्तव्य असलेल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असते.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. दोन्ही रस्ते खुले असतील तर उशीर झाला तरी रेसिडेन्सीचा रस्ता धरा. आणि वर्क व्हिसावरच जावे लागत असेल, घरची परिस्थिती थांबू देत नसेल, तर तो व्हिसा कुठे जाऊन पोचतो ते बघून जा. अनेक घरांत थांबण्याची चैन नसते, हे आम्हाला कळते. दोन वर्षांच्या पगारात बहिणीचे शिक्षण आणि घराचा स्लॅब होतो.

इथे शब्दांनी फसू नका. आखाती देशांत मिळणाऱ्या 'इकामा'चा अर्थच राहण्याचा परवाना असा आहे. एजंट त्याला खुशाल रेसिडेन्सी म्हणून विकतो. पण तो कफीलशी, म्हणजे तुम्हाला बोलावणाऱ्या मालकाशी जोडलेला असतो. कतारने २०२० मध्ये आणि सौदीने २०२१ मध्ये नोकरी बदलण्याचे नियम सैल केले ही चांगली गोष्ट आहे, तरी सामान्य नर्स किंवा टेक्निशियनने वीस वर्षे काढूनही तिथे कायम राहण्याचा हक्क त्यातून आपोआप उगवत नाही. आखातात जायचे तर कमाई करून परतायचे हे मनाशी ठरवूनच जावे.

जर्मनीचे उलटे आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून आपल्याकडे जर्मन भाषेच्या वर्गांचे पेव फुटले आहे. तिथला पहिला परवाना नोकरीचाच असतो, पण त्याच्या पुढे रस्ता आहे. कुशल कामगाराला तीन वर्षांनी कायम वास्तव्य मागता येते, त्यासाठी तेवढ्या काळाची पेन्शन वर्गणी आणि बी-१ पातळीची भाषा लागते. ब्लू कार्ड असेल तर २७ महिने, भाषा बी-१ असेल तर २१. म्हणजे तिथे भाषा शिकणे हीच रेसिडेन्सी आहे. सावंगीच्या होस्टेलवर ज्या मुली रात्री जर्मन क्रियापदे घोकत बसतात त्यांना आम्ही सांगू, नोकरीपुरते शिकून थांबू नका. नर्सिंगची पदवी तिथे मान्य होईपर्यंत सहायक म्हणून काम करावे लागते आणि त्या काळात पगार कमी असतो. एजंट हे शेवटच्या दिवशी सांगतो. ब्रिटनमध्ये पाच वर्षांनी कायम वास्तव्य मिळत आले, पण तिथल्या सरकारने २०२५ मध्ये ही मुदत दहा वर्षे करण्याचा प्रस्ताव मांडला. केअर वर्करना मार्च २०२४ पासून कुटुंब आणता येत नाही आणि जुलै २०२५ पासून त्यांची परदेशातून नवी भरतीच बंद झाली. न्यूझीलंडने २०२२ च्या डिसेंबरपासून नोंदणीकृत नर्सला थेट रेसिडेन्सी मागण्याची सोय केली. नियम बदलतात, म्हणून अर्जाच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी पानावर स्वतः वाचा, व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो नव्हे.

कराराचा कागद हातात आला की पगाराच्या आधी बाँडचे कलम वाचा. मुदतीआधी सोडले तर किती रक्कम परत करायची, ती दर महिन्याला कमी होते की शेवटपर्यंत तेवढीच राहते, मालक बदलला तर काय. पासपोर्ट कुणालाही 'जपून ठेवायला' देऊ नका. ज्यांनी सरकारी परदेशी शिष्यवृत्ती घेतली आहे त्यांनी आपण कोणत्या अटींवर सही केली हेही काढून बघावे. बडोद्याचा बाँड बाबासाहेबांनी समजून घेऊन सही केला होता.

एक भीती मात्र निराधार आहे आणि ती आपल्या घरांत फार आहे : रेसिडेन्सी घेतली की भारत सुटला. तसे नाही. कायम वास्तव्य मिळाले तरी पासपोर्ट भारताचाच राहतो. नागरिकत्व जाते ते दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वीकारल्यावर, १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे. मग ओसीआय कार्ड मिळते, पण मत देता येत नाही. त्यामुळे रेसिडेन्सी आणि नागरिकत्व यांच्यामधल्या उंबरठ्यावर पुन्हा एकदा थांबून विचार करावा लागेल, तो विषय वेगळा. तोवर परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला फॉर्म ६-अ भरून आपल्या गावच्या मतदार यादीत नाव ठेवता येते. मत द्यायला मात्र स्वतः यावे लागते, सावंगीच्याच केंद्रावर, मूळ पासपोर्ट दाखवून.